दौलताबादचे सापळे आणि हौदाचे पाणी

सुट्टीत घरी गेलेली आपली मुले संगणकावर किल्ले बांधण्याचे खेळ खेळतात. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’सारख्या खेळात थंडीने खंदकाचे पाणी गोठते आणि त्या बर्फावरून शत्रू चालून येतो. मग बर्फ वितळवून त्याला बुडवायचे, किंवा भूगर्भातील शिलारस उपसून त्याच्या वाटेवर सोडायचा! पालक याला वेळेचा अपव्यय मानतात. आमच्या मते इतिहासाच्या शिक्षकाने येथूनच धडा सुरू करावा.

करमाडच्या जमिनीखालचा काळा पाषाण हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हाच होय. त्याला ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. या नावातील ‘ट्रॅप’ म्हणजे सापळा नव्हे. स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ पायऱ्या असा आहे. दौलताबादेत मात्र याच पाषाणात खरेखुरे सापळे कोरलेले आहेत. तासून उभे केलेले कडे, खोल खंदक, अरुंद पूल आणि त्यापुढे ‘अंधारी’ हा वळणावळणाचा काळोखा मार्ग. त्याच्या वरच्या तोंडावर लोखंडी झाकण टाकून विस्तव पेटविण्याची योजना होती. तरीही १६३३ मध्ये मोगलांनी वेढा घालून हा किल्ला जिंकलाच.

मार्गदर्शक एवढे सांगून थांबतात. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळच्या बौद्ध लेणी पाहण्यासाठी निघाले असता येथे आले होते. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही सहकाऱ्यांनी दरवाजाबाहेरील हौदावर हातपाय धुतले. त्यावर पाणी बाटविल्याचा गिल्ला झाला. अखेर किल्ला पाहू दिला, तो आत कोठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर. सोबत हत्यारबंद शिपाई दिला. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षे होऊन गेली होती. बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः नोंदविला आहे.

शत्रूसाठी रचलेला सापळा वेढा पडला तरच कामास येतो. जातीचा पहारा मात्र वाटसरूच्या ओंजळीवरही रोज चालू होता, आणि त्याला ना विस्तव लागला ना खंदक. खेळातील किल्ला मुलांना एकच प्रश्न विचारतो : कोणाला बाहेर ठेवायचे? हा पाषाण कोणाच्या हातांनी फोडला आणि पाण्यापासून कोणाला दूर ठेवले, हे प्रश्न आपणच विचारायला शिकविले पाहिजेत.

म्हणून आमची सूचना अशी की, शाळेची सहल दौलताबादेस गेली की अंधारीकडे धाव घेण्यापूर्वी दरवाजाबाहेर थांबावे व १९३४ चा प्रसंग विद्यार्थ्यांनीच वाचून दाखवावा. मग सापळे अवश्य पाहावेत. तेथून वेरूळला जावे. त्याच पाषाणात भिक्खुसंघासाठी कोरलेले विहार तेथे आहेत. एकाच दगडातून माणसांनी काय काय घडविले, हे मुलांना एका दिवसात पाहता येईल.

जय भीम!