दातांचा हिशेब आणि कारखान्याची आरोग्यतपासणी

कामगारविषयक चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात अमलात आल्या. त्यांवरील चर्चा मुख्यतः कामाचे तास, कामगारकपातीचे नियम आणि ग्रॅच्युइटी या मुद्द्यांभोवतीच फिरली, आणि ते स्वाभाविकही होते. परंतु या संहितांच्या अनुषंगाने शासनाने जाहीर केलेली एक गोष्ट फारशी कोणाच्या नजरेत भरली नाही. चाळीस वर्षांवरील कामगारांची वर्षातून एकदा विनामूल्य आरोग्यतपासणी व्हावी आणि तिचा भार मालकाने उचलावा, ही ती गोष्ट. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आणि इंदापूर तालुक्यातील लोणी देवकरच्या वसाहतीतही ही तपासणी रुळेल. वजन, रक्तदाब, रक्तातील साखर, दृष्टी यांच्या नोंदी होतील. आमचा प्रश्न एवढाच आहे की, या तपासणीत कामगाराला तोंड उघडायला सांगितले जाईल काय?

प्रश्न वरकरणी हलका वाटतो. तो तसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना मुखाचा कोणता ना कोणता विकार आहे. इतका सार्वत्रिक असा दुसरा रोगसमूह क्वचितच सापडेल, आणि इतका उपेक्षितही. आपल्याकडे तर दातांचे दुखणे हे दुखण्यात धरण्याचीच पद्धत नाही. दाढ ठणकू लागली की लवंगेचे तेल लावायचे, दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची, आणि सगळे उपाय थकले की ‘एकदाची काढून टाका’ म्हणून दवाखान्याची पायरी चढायची, हा घरोघरचा क्रम आहे. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली खोड ज्या अनेक क्षेत्रांत दिसते, त्यांत दातांचा क्रमांक बराच वरचा लागेल.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या वर्तनाचे फारसे आश्चर्य वाटत नाही. माणसाची भविष्याकडे पाहण्याची दुर्बीण सदोष असते, उद्याचे सुख वा दुःख त्याला आहे त्यापेक्षा लहान दिसते, असे पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली आपल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात प्रतिपादिले होते. दातांची कीड या दुर्बिणीबाहेरच वाढते. ती दाताच्या कठीण आवरणात असते तोवर दुखत नाही. आतल्या मज्जेपर्यंत पोचते तेव्हा दुखते. म्हणजे वेदना ही रोगाची पहिली सूचना नसून बहुधा अखेरची नोटीस असते. बाजारातील इतर वस्तूंच्या बाबतीत गरज ग्राहकाला प्रथम कळते. येथे ती त्याला सर्वांत शेवटी कळते.

यातील तोट्याचा हिशेब साधा आहे. समजा, एखाद्या कंत्राटी कामगाराला दिवसाला सहाशे रुपये मिळतात. लहानशी कीड वेळीच दिसली तर ती साफ करून चांदी वा सिमेंट भरण्याचे काम एका बैठकीत आणि एक-दोन दिवसांच्या मजुरीएवढ्या पैशात उरकते. तीच कीड मज्जेपर्यंत गेली की रूट कॅनल आणि वर टोपी, असा आठ-दहा दिवसांच्या मजुरीचा खर्च उभा राहतो, आणि त्यासाठी तीन-चार फेऱ्या, म्हणजे तितक्याच पाळ्या बुडतात. हे आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत. दर गावागणिक बदलतील, परंतु त्यांचे परस्परप्रमाण फारसे बदलणार नाही. खर्च परवडत नाही म्हणून कामगार दाढ काढून टाकतो, तेव्हा हिशेब मिटल्यासारखा वाटतो. तोही मिटत नाही. गेलेल्या दाढेच्या जागी शेजारचे दात कलतात, चावण्याची बाजू बदलते, आणि पन्नाशीत भाकरी कालवणात भिजवून खाण्याची वेळ येते. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण दैवगतीवर केलेली असली तरी तिच्यातील निम्मे दैव आपणच घडवीत असतो.

तपासणीत काय होते?

दवाखाना टाळण्यामागे पैशाइतकेच भय असते, आणि भयाचे मूळ अज्ञानात असते. म्हणून नित्याच्या तपासणीत काय घडते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. प्रथम विचारपूस होते: मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी औषधे, गरोदरपण, तंबाखूचे व्यसन. हे प्रश्न चौकशीखातर नसतात. मधुमेहाने हिरड्यांचा रोग बळावतो आणि हिरड्यांच्या रोगाने साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते, हे आता पुरते सिद्ध झाले आहे. म्हणून उत्तरे खरी द्यावीत. मग ओठ, गालांची आतली बाजू, जीभ व तिच्याखालची जागा, टाळू आणि जबड्याखालच्या गाठी पाहिल्या जातात. त्यानंतर लहान आरसा आणि बारीक सळई घेऊन एकेक दात तपासतात. हिरडी आणि दात यांच्यामधील फटीची खोली मोजतात; ती वाढली असेल तर दाताचा आधार असलेले हाड झिजू लागल्याचा संशय येतो. दोन दातांमधील कीड डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा क्ष-किरण चित्राची गरज पडते. प्रत्येक खेपेला ती पडतेच असे नाही. कीटण साचले असेल तर ते काढले जाते. एवढ्या सगळ्यात सुई नाही, कापाकापी नाही, आणि वेळ अर्ध्या तासाच्या आत-बाहेर.

कीटण काढल्याने दात हलू लागतात, हा समज आपल्या भागात खोलवर रुजलेला आहे. वस्तुस्थिती उलट आहे. दात कीटणामुळे आणि हिरड्यांच्या सुजेमुळे आधीच सैल झालेले असतात. कीटणाचा थर निघताच ते उघडकीस येते आणि दोष साफ करणाऱ्यावर जातो. काही दिवस थंड पाणी झिणझिणते, तेही ओसरते. वरची दाढ काढली की डोळ्याची दृष्टी जाते, या समजुतीलाही शास्त्राचा कसलाच आधार नाही. रुग्णाने मात्र आपला हक्क विसरू नये: कोणता दात, कोणता उपचार, पर्याय कोणते आणि खर्च किती, हे काम सुरू होण्यापूर्वी विचारावे आणि शक्य तर लिहून घ्यावे. वैद्यकीय सेवेच्या बाजारात विक्रेत्याला सर्व ठाऊक असते आणि ग्राहकाला फार थोडे, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले होते. ही विषमता पूर्णपणे जाणार नाही. प्रश्न विचारल्याने ती थोडी कमी होते.

सहा महिन्यांचा दंडक

दर सहा महिन्यांनी दात दाखवा, असे आपण ऐकत आलो आहोत. या दंडकाला शास्त्रीय पाया काय, असा प्रश्न ऑब्रे शायहम या संशोधकाने १९७७ साली ‘लॅन्सेट’मध्ये उपस्थित केला. ब्रिटनने २००४ साली सरसकट मुदत सोडून दिली. प्रौढांसाठी तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, ज्याच्या त्याच्या धोक्याप्रमाणे अंतर ठरवावे, असे मार्गदर्शन तेथे लागू झाले. जोखीम कमी असलेल्या माणसांत सहा महिने आणि दोन वर्षे या अंतरांमुळे मुखाच्या आरोग्यात फरक पडत नाही, असे तेथील मोठ्या प्रयोगातून २०२० साली पुढे आले. हा निष्कर्ष आपल्यासारख्या मर्यादित साधनांच्या समाजाला दिलासा देणारा आहे. तथापि त्याचा अर्थ तपासणी नको, असा मुळीच नव्हे. ज्याला धोका अधिक त्याच्याकडे आधी आणि वारंवार पाहावे, असा त्याचा अर्थ आहे. जो कधीच गेला नाही त्याच्यासाठी तर अंतराचा वाद गैरलागूच ठरतो.

आता हा धोका कोणाला, याचे उत्तर आपल्या परिसरात शोधावे लागत नाही. कीड लागते ती साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली यावरून. तोंडातील जंतू प्रत्येक वेळी त्या साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचे आवरण विरघळविते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर यांसारखी साखरेची ठिकाणे ज्या मुलखात आहेत, तेथे पाळीत चार-पाच वेळा गोड चहा ही चैन नव्हे, दिनचर्या आहे. तिसऱ्या पाळीचा कामगार तर रात्र जागवण्यासाठी चहावरच भिस्त ठेवतो आणि सकाळी घरी येऊन तसाच आडवा होतो. ‘रात्री झोपताना दात घासा’ हा उपदेश त्याला लागू पडत नाही. ‘झोपण्यापूर्वी घासा, मग ती सकाळ का असेना’ असे त्याला सांगायला हवे. टूथपेस्ट फ्लोराईडची असावी, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून आपल्याकडे टूथपेस्ट व टूथब्रश यांवरील वस्तू व सेवा कर अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे. महागाईची सबब त्या प्रमाणात तरी कमी झाली आहे.

तंबाखूचा भार

परंतु खरा घोर दातांचा नाही, तोंडाचा आहे. २०१६–१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात, आणि त्यांतील बहुतेक ती धुरावाटे नव्हे, तर मळून, चघळून किंवा भाजून घेतात. गुटख्यावर राज्याने २०१२ साली बंदी घातली. चुना-तंबाखूची डबी खिशातून गेली नाही. ऊसतोडीच्या टोळ्यांतील बायका पहाटे मिश्रीने दात घासतात आणि ते दातवण आहे, व्यसन नव्हे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. सुपारीने तोंड आतून आखडत जाते, तीन बोटे मावेनाशी होतात; गालात पांढरा वा लाल चट्टा उमटतो; दोन आठवडे उलटले तरी जखम भरत नाही. यांपैकी कशानेही फार दुखत नाही, आणि म्हणूनच माणूस दवाखान्यात जातो तेव्हा उशीर झालेला असतो.

भारतीय पुरुषांत मुखाचा कर्करोग आघाडीवर आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. तो शरीराच्या आत दडलेला नसून आरसा आणि विजेरी यांनी दिसण्याजोगा आहे, याची जाणीव मात्र फार थोड्यांना आहे. केरळात १९९६ साली सुरू झालेल्या प्रयोगात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी ठरावीक वर्षांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे केवळ डोळ्यांनी तपासली. तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, असा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला. यंत्रसामग्री नाही, प्रयोगशाळा नाही. एक विजेरी आणि शिकविलेला डोळा. इतक्या स्वस्तात इतके जीव वाचविणारी गुंतवणूक सार्वजनिक अर्थकारणात विरळाच. असे असता, २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कर्करोगासाठी तोंड कधी तरी तपासून घेतलेल्यांचे प्रमाण देशभरात शंभरात एकाच्या आसपास निघाले.

येथे एक आक्षेप येईल: कारखानदाराने हाही बोजा का वाहावा? त्याचे पहिले उत्तर असे की, बोजा जवळजवळ नाहीच. तपासणीचा डॉक्टर येणारच आहे. तोंड पाहण्यास तो माणशी पाच मिनिटे अधिक घेईल. दुसरे असे की, ठणकत्या दाढेने रात्रभर जागलेला माणूस प्रेसवर उभा करणे हा अपघाताला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे. तिसरे उत्तर विम्याचे. राज्य कामगार विम्याची मूळ योजना १९४८ च्या कायद्याची. वेतनमर्यादा २०१७ साली २१ हजार रुपये ठरली, आणि जुलै २०१९ पासून मालक सव्वातीन टक्के व कामगार पाऊण टक्का वर्गणी भरतो. वीस हजार वेतनावर ही रक्कम महिन्याला आठशे, वर्षाला ९,६०० रुपये होते. दातांचा उपचार या वैद्यकीय लाभात येतो. विमा महामंडळ रोहिणी आणि कलबुर्गी येथे दंत महाविद्यालयेही चालविते. ज्या सेवेचे पैसे आधीच भरले आहेत ती न मागणे, हा काही काटकसरीचा मार्ग नव्हे.

तेव्हा मागणी मोठी नाही. कारखान्यांच्या वार्षिक तपासणीच्या नोंदपत्रात दात, हिरड्या आणि मुख यांचा स्वतंत्र रकाना असावा. तंबाखू घेणाऱ्याला चाळिशीची अट लावू नये. शासनाच्या कर्करोग तपासणी कार्यक्रमात तिशीपासून तोंड तपासण्याचे धोरण आहेच. ॲसिडच्या वाफांत काम करणाऱ्यांचे दात झिजतात, म्हणून जपानमध्ये अशा कामगारांची दंततपासणी कायद्यानेच होते. येथेही त्यांना अग्रक्रम द्यावा. कंत्राटी कामगार आणि गळिताच्या हंगामातील तोडणी मजूर यांना वगळू नये, कारण धोका त्यांच्याकडेच अधिक आहे. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. कारखाने आणि साखर कारखाने यांनी त्याच्या आणि स्थानिक दंतवैद्यांच्या साहाय्याने प्रशिक्षित पथके तयार करणे अशक्य नाही. आणि ज्याच्या तोंडात संशयास्पद काही दिसेल त्याला पुढे कोठे पाठवायचे, त्या दिवसाची मजुरी कोण देणार, हेही आधीच ठरले पाहिजे. नाही तर रकाना भरेल आणि माणूस तसाच राहील.

कामगार संघटनांच्या मागणीपत्रांत वेतन, बोनस, कँटीन आणि बस यांना आजवर मानाचे स्थान मिळाले आणि ते योग्यच होते. पुढील मागणीपत्रात ही एक ओळ वाढविली तर कोणाचा नफा बुडणार नाही. उलट, ज्या तोंडाने मागण्या मांडायच्या ते तोंड शाबूत राहील.