लखनौच्या भिंती आणि रायगडाची जोती

ऐतिहासिक स्थळांवरील पाट्यांविषयीचा माझा हट्ट या स्तंभाच्या वाचकांस जुना परिचयाचा आहे. परंतु या आठवड्यात कोल्हापूरकडील एका तरुण वाचकाचे जे पत्र आले, त्याने ती तक्रार रास्तच होती अशी माझी खात्री पटविली. परीक्षा आटोपून हा विद्यार्थी एकटाच उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासास निघाला आणि लखनौस रेसिडेन्सीच्या आवारात त्याने अख्खी दुपार घालविली. तोफगोळ्यांनी चाळण झालेल्या विटांच्या भिंती, छप्पर उडालेले मेजवानीचे दालन, हेन्री लॉरेन्सने जेथे प्राण सोडला ते डॉ. फेररचे घर, आणि कोणत्या चौकीवर कोण लढला हे जागोजागी सांगणारे शिलालेख पाहून तो लिहितो की, "रायगड मी पाहिला आहे, पण त्याच्या भिंतीही अशाच तोफांनी पडल्या हे मला तेथे कोणी सांगितले नाही, तो पावसापाण्याने पडला असेच मी समजत होतो."

या मुलास दोष कसा द्यावा? लखनौचा वेढा चिनहटच्या पराभवानंतर ३० जून १८५७ रोजी पडला, लॉरेन्स ४ जुलैस मरण पावला, हॅवलॉक व औट्रम सप्टेंबरच्या अखेरीस आत शिरले, पण खरी सुटका कॉलिन कॅम्पबेल नोव्हेंबरात आल्यावरच झाली; आणि पुढे शहर पुन्हा ताब्यात आले तेव्हा सरकारने या इमारतींची डागडुजी न करता त्या जशा फुटल्या होत्या तशाच जतन केल्या, भोवती बाग केली, आणि वर जे निशाण लावले ते ऑगस्ट १९४७पर्यंत रात्रीही उतरविले नाही. त्याच लखनौत १८५८च्या मार्चात कैसरबागेची लूट झाली, आणि नेपियरच्या आराखड्याप्रमाणे दाट वस्तीतून लष्करी रस्ते काढताना शहराचा मोठा भाग जमीनदोस्त करण्यात आला. कोणते भग्नावशेष राखावयाचे आणि कोणते पुसावयाचे हा हुकूम एकाच दप्तरातून निघत होता, हे ध्यानी घेतल्यावाचून रेसिडेन्सीच्या भिंती वाचताच येत नाहीत. रेसिडेन्सीच्या बचावात पडलेल्या हिंदी शिपायांसाठीही लॉर्ड नॉर्थब्रूकने स्तंभ उभारला. भिंतीबाहेर बेगम हजरत महलच्या बाजूने पडलेल्यांस मात्र १९५७पर्यंत थांबावे लागले, तेव्हा कुठे गोमतीच्या काठी शहीद स्मारक झाले.

आता रायगडाकडे पाहा. ज्या गडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला, जो १६८९त मोगलांकडे गेला आणि १७३३त परत आला, त्यावर १८१८च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरच्या फौजेने पोटल्याच्या डोंगरावर तोफा चढवून मारा केला. गोळ्यांनी लागलेल्या आगीत वाड्यांचे लाकूडकाम जळाले, आणि १० मे रोजी, बाजीराव पेशव्यांच्या पत्नी वाराणसीबाई गडावरच असताना, शिबंदीने किल्ला स्वाधीन केला. आज आपण जी दगडी जोती आणि उघडी तळी पाहतो, त्यांच्या मागे ही आग आहे. मारा करणारा अंमल कंपनीचाच होता, आणि ज्या काळात लखनौस बाग फुलविली जात होती त्याच काळात रायगडावर रान माजले होते. छत्रपतींच्या समाधीच्या दुर्दशेबद्दल १८८३त जेम्स डग्लससारख्या इंग्रजानेच लिहावे, आणि मग १८९५त टिळकांनी फंड उभारावा, १८९६त गडावर उत्सव भरवावा, असा तो क्रम आहे.

परक्या सरकारकडून मी याहून निराळी अपेक्षा करीत नाही. माझे गाऱ्हाणे आपल्याशी आहे. गडावरचे वाटाडे हिरकणीची कथा आणि टकमक टोकाची दरी मनापासून रंगवून सांगतात, शाळांच्या सहली राजसदरेवर जयघोष करून उतरतात, आणि गडाचा इतिहास १६८०त संपल्यासारखा वाटतो. पराभवाची पाटी कशास, असे काही सज्जन मला विचारतात. रेसिडेन्सी हीसुद्धा उपासमारीची, रोगराईची आणि कोंडमाऱ्याची जागा होती, तरी तिचे जखमी अंग झाकावे असे राज्यकर्त्यांस वाटले नाही, कारण जी जागा सोसते तीही साक्ष देते हे त्यांस कळत होते. राजवाडा पूर्ववत उभारावा ही अधूनमधून निघणारी मागणी तर मला भयावह वाटते, कारण नव्या लाकडाने आणि नव्या चुन्याने ती आग कायमची झाकली जाईल, आणि मूळ वाडे नेमके कसे होते याचा भरवसा तरी कोण देणार?

२०२५च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत रायगड आहे. देशोदेशींचे तरुण आता तेथे येतील. तेव्हा राजसदरेजवळ, जळालेल्या जोत्यांच्या समोर, एक साधा दगडी फलक बसवावा. त्यावर मे १८१८ची हकीकत, प्रॉथरचे नाव आणि पोटल्याच्या डोंगराची दिशा कोरावी, आणि तो मजकूर प्रथम मराठीत असावा.