हात लांब करण्याचे ऑपरेशन: गरज कुणाची, घाई कुणाची?

उंची वाढवण्याच्या ऑपरेशनच्या जाहिराती हल्ली मोबाईलवर येतात. २०१६ मध्ये हैदराबादच्या एका तरुणाने घरी न सांगता पायांचे असे ऑपरेशन करून घेतले आणि मोठा गदारोळ झाला. पण याच पद्धतीने हातही लांब करता येतात, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. खरी गरज मात्र तिथे जास्त आहे.

माझ्या वर्गात एक बुटकी मुलगी होती. अभ्यासात हुशार. तिच्या अम्मीने एकदा हळूच विचारले, "टीचर, मी नसेन तेव्हा हिची तहारत कोण करून देणार?" मला उत्तर देता आले नाही.

बुटकेपणाचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अकॉन्ड्रोप्लेसिया. यात दंड आणि मांडीची हाडे तोकडी राहतात. अशा दहापैकी साधारण आठ मुलांचे आई-बाप सामान्य उंचीचे असतात. कारण एका जनुकातला बदल. ना ग्रहण, ना नजर, ना आईचा दोष. हात तोकडे असल्याने इस्तिंजा, केस विंचरणे, कपडे घालणे, सगळ्यात अडचण येते.

ऑपरेशनची पद्धत रशियातल्या कुर्गान शहरातले डॉ. इलिझारोव यांनी १९५० च्या दशकात विकसित केली. दंडाचे हाड कापतात, बाहेरून पिना आणि फ्रेम लावतात. मग रोज थोडे थोडे करून साधारण १ मिलिमीटर ताणतात. मधल्या जागेत शरीर स्वतःच नवे हाड तयार करते. ८ सेंटीमीटर वाढवायचे तर नुसत्या ताणण्यालाच अडीच महिन्यांच्या वर लागतात. हाड पक्के होईपर्यंत आणखी काही महिने फ्रेम हातावर राहते.

फायदा मोठा आहे. हात पोचू लागला की माणूस स्वतःचे स्वतः करतो. ही इज्जतीची गोष्ट आहे, दिखाव्याची नाही.

पण धोकेही समजून घ्या. पिनांच्या जागी पू होतो. कोपर आखडते. दंडातली नस ताणली गेली तर मनगट लटके पडू शकते. बहुतेक वेळा ते सुधारते, पण नेहमीच नाही. फ्रेम काढल्यावर हाड मोडण्याचीही भीती असते. रोजची फिजिओथेरपी चुकवून चालत नाही. शाळा बुडते, खर्च होतो, दुखते.

म्हणून घाई नको. मूल स्वतः समजून "हो" म्हणेल इतके मोठे होऊ द्या. डॉक्टरांना थेट विचारा: अशी किती ऑपरेशने केलीत? किती मुलांना त्रास झाला? एकूण खर्च किती? फ्रेम असताना वुजू कसा करायचा, हे आपल्या आलिमांना आधीच विचारून ठेवा.

आणि ऑपरेशन नको असेल तरी मूल कमी ठरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत बुटकेपणा आहे. प्रमाणपत्र काढा, हक्क मागा. लांब दांड्याचा ब्रश, हँड शॉवर, खाली बसवलेला नळ, हे तर आजच करता येते.

लग्नासाठी किंवा लोक हसतात म्हणून हाड कापू नका. हसणाऱ्यांना शिकवणे हे आमचे, शिक्षकांचे आणि मोहल्ल्याचे काम आहे.