विचारावे कोणाला?

आजचे युग माहितीचे आहे, असे आपण सर्वच म्हणतो. ठेवींचे दर, विमा, म्युच्युअल फंड यांविषयी हवे ते भ्रमणध्वनीवर क्षणात मिळते. तथापि, ‘माहिती कोठे मिळेल?’ हा ग्राहकाचा जुना प्रश्न मागे पडला असून ‘यातले खरे कोणते?’ हा नवा प्रश्न त्याच्यापुढे उभा आहे.

रायपूरच्या आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक मुदत ठेव मोडण्यास आले. पोलीस असल्याचे भासवून कोणी त्यांना ‘डिजिटल अटके’ची भीती घातली होती आणि कोणाशीही न बोलण्याची ताकीद दिली होती. अर्ज भरताना त्यांचा हात थरथरत होता. त्यांना अनेक वर्षे ओळखणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने त्यांना बाजूला बसवून विचारपूस केली आणि सारा प्रकार उघड झाला. अशी अटक कायद्यातच नाही, ही माहिती सर्वत्र उपलब्ध होती. पण ठेव वाचली ती ओळखीमुळे.

याच रायपूरचे वामनराव लाखे यांनी १९०० साली माधवराव सप्रे व रामराव चिंचोलकर यांच्या साथीने ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. माहिती दुर्मीळ असलेल्या त्या काळात या मराठी मित्रांनी ती घरोघरी नेली. पुढे १९१३ मध्ये येथील सहकारी बँकेच्या स्थापनेतही लाखे अग्रभागी होते. सहकारी कर्जाचा पायाच मुळी परस्परांची पारख हा होता. कोणाची पत किती, हे शेजाऱ्याला ठाऊक असे.

अर्थात ओळख म्हणजे ज्ञान नव्हे. दामदुप्पट योजनाही बहुधा नातलगांच्या व स्नेह्यांच्या तोंडूनच घरात शिरतात. म्हणून माझ्या मते सल्लागाराची कसोटी दुहेरी असावी. त्याला विषय कळत असावा आणि जे कळत नाही, ते ‘मला ठाऊक नाही’ असे मोकळेपणाने सांगण्याचे धैर्य त्याच्यापाशी असावे. आपल्या सल्ल्यातून त्याला दलाली मिळते काय, हेही विचारण्यास संकोच नसावा.

आम्हा बँक कर्मचाऱ्यांनाही हीच कसोटी लागू आहे. ग्राहकाला घाईने उत्तर देण्यापेक्षा जाणत्या सहकाऱ्याला विचारून सांगण्यात कमीपणा नाही.

‘कोणाला सांगू नका’ असे कोणी बजावले, तर त्याच क्षणी विश्वासातील माणसाला अवश्य सांगा. पैसे गेलेच असतील, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर व आपल्या शाखेत कळवा. विचारण्यात गेलेली दहा मिनिटे आयुष्यभराची पुंजी वाचवू शकतात.