आसनावरून उठल्यावर

२१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी संमत केला. १७७ देश त्याचे सहप्रस्तावक होते. आपल्या ऋषिपरंपरेचा हा गौरव प्रत्येक देशभक्ताला सुखावणारा आहे. परंतु अभिमानाबरोबर आत्मपरीक्षणही हवे. आसनावरून उठलेला साधक पुढे कुठे जातो, हा खरा प्रश्न आहे.

“राजकारण गलिच्छ झाले आहे, आम्ही आपली साधना बरी,” असे समाधानाने सांगणारे सज्जन आपल्या घराघरांत आहेत. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेस काँग्रेस दुभंगली. जहालांचे अग्रणी अरविंद घोष त्यानंतर बडोद्यास गेले आणि विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याच्या मार्गदर्शनाखाली तीन दिवस ध्यानास बसले. त्यांचे मन पूर्णतः निःशब्द झाले. थोड्याच दिवसांत, १९ जानेवारी १९०८ रोजी, मुंबईत त्यांचे जाहीर भाषण होते. निर्विचार मनाने बोलावे तरी काय? श्रोत्यांना नमस्कार करून थांबा, वाणी आपोआप स्फुरेल, असे लेल्यांनी सांगितले. तसेच घडले. साधनेने त्यांचे व्यासपीठ हिरावून घेतले नाही. उलट त्या व्यासपीठाला अधिष्ठान दिले. अलीपूर खटल्यातील वर्षभराच्या कारावासातही ती साधना अखंड राहिली आणि सुटकेनंतर जून १९०९ मध्ये ‘कर्मयोगिन्’ साप्ताहिक सुरू झाले.

१९१० मध्ये ते पुदुच्चेरीस गेले आणि प्रत्यक्ष राजकारणातून निवृत्त झाले, हे खरे. तथापि १९४२ मध्ये क्रिप्स योजना पुढे येताच त्यांनी आपले मत जाहीरपणे मांडले. योगी एकांतात गेला, तरी राष्ट्राविषयी उदासीन झाला नाही.

पतंजलींच्या अष्टांगांत आसनाचा क्रम तिसरा आहे. पहिले अंग यम. आणि अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह या पाच यमांतील बहुतेकांची कसोटी समाजातच लागते. शहानिशा न करता आलेला संदेश पुढे न धाडणे हे आजचे सत्य, कर न चुकविणे हे आजचे अस्तेय आणि पदाची हाव न धरणे हा आजचा अपरिग्रह होय.

ही कसोटी कार्यकर्त्यालाही चुकलेली नाही. मनाची स्थिरता नसेल, तर आंदोलनाचा आवेश द्वेषात आणि सेवेचा उत्साह अहंकारात कधी परिवर्तित होतो, हे त्याचे त्यालाही कळत नाही. विरोधकाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे हीसुद्धा एक साधनाच आहे.

म्हणून पहाटे सूर्यनमस्कार घालणाऱ्याने मतदार यादीतील आपले नाव तपासावे, प्रभागाच्या प्रश्नांसाठी आठवड्यातील एक तास द्यावा आणि नगरसेवकाला निर्भयपणे जाब विचारावा. सभा गाजविणाऱ्याने रोज अर्धा तास मौनात बसावे. या दोघांची भेट ज्या दिवशी एकाच व्यक्तीत होईल, त्या दिवशी योगदिन खऱ्या अर्थाने साजरा होईल.