नदीची निगा ओढ्यापासून

पुण्याची नदी म्हटली म्हणजे पुलावरून दिसणारे पात्र तेवढेच डोळ्यांपुढे येते. वस्तुतः नदी ही एक धार नसून अनेक धारांचे कुटुंब होय. सह्याद्रीतून येणाऱ्या मुठेस आंबी व मोसी या नद्या खडकवासल्याच्या वरच्या अंगास मिळतात. मुळेस दापोडीजवळ पवना मिळते. संगमावर मुळा व मुठा एक होतात आणि मुळा-मुठा या नावाने पुढे जाऊन रांजणगाव सांडस येथे भीमेस मिळतात. तेच पाणी खाली उजनीच्या जलाशयात जाते. याखेरीज भूगाव-बावधनकडील रामनदी मुळेस, तर कात्रजकडील आंबिल ओढा मुठेस मिळतो.

उपनदीवर जे घडते, त्याचा परिणाम मुख्य नदीवर झाल्यावाचून राहत नाही. आंबीवरील पानशेत धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यास पूर येऊन माणसे दगावली. ओढा लहान म्हणून त्याची वाट अडविली, तरी पाणी आपली वाट सोडीत नाही.

नदीची स्वच्छता हे केवळ शहराचे काम आहे, असे पुष्कळांस वाटते. आमचे मत निराळे आहे. शहराने मैलापाणी शुद्ध केल्यावाचून नदीत सोडू नये, ही हवेली व दौंड तालुक्यांतील नदीकाठच्या शेतकऱ्यांची मागणी न्याय्यच आहे, आणि ग्रामसभांनी तसे ठराव करून ते लेखी पाठवावेत. परंतु ज्या गावात बांध सरकवून ओढ्याचे पात्र नांगरले जाते व औषधाचे डबे ओढ्यातच धुतले जातात, त्या गावाच्या मागणीस वजन कसे येणार?

म्हणून ग्रामसेवक बंधूंनी पावसाळ्यापूर्वी गावकऱ्यांसह ओढ्याची पाहणी करावी, पात्र मोकळे करवून घ्यावे व काठावर झाडे लावावीत. नदीचे पाणी उपसणाऱ्या शेतकरी बंधूंनी पाणी व माती तपासून घ्यावी. दूषित पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांस मुळीच देऊ नये.

वरचे गाव जे सोडते, तेच खालचे गाव उपसते. हा हिशोब शहरास जसा लागू आहे, तसाच तो आपणांसही लागू आहे.