खांदेरीला उंदेरीपासून तोडू नका

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोने बारा मराठा दुर्गांना जागतिक वारशाचा मान दिला आणि त्यात खांदेरीचेही नाव झळकले. महाराष्ट्रात पेढे वाटले गेले, ते योग्यच झाले. परंतु या यादीत उंदेरी नाही, याची खंत कितीजणांना वाटली?

खांदेरी हा शांततेच्या काळात सवडीने बांधलेला किल्ला नव्हे. १६७९ च्या पावसाळ्यात, मुंबईकर इंग्रजांच्या डोळ्यांदेखत, मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली तेथे तटबंदी उभी राहू लागली. मुंबई बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर येथून नजर ठेवता येते, हे शिवछत्रपतींनी जाणले होते आणि इंग्रजांनीही. म्हणूनच इंग्रजांनी बेटावर हक्क सांगितला व आरमारी वेढा घातला.

१८ ऑक्टोबरच्या झुंजीत मराठ्यांनी 'डव्ह' ही गुराब पकडली. 'रिव्हेंज'च्या तोफांपुढे मात्र दौलतखानाच्या आरमाराला त्या दिवशी मागे सरावे लागले. हे लपविण्याचे कारण नाही. पराक्रमाला अतिशयोक्तीच्या कुबड्या लागत नाहीत. खरा विजय त्यानंतरचा आहे. इंग्रजांची जड जहाजे वाऱ्याच्या आणि खोल पाण्याच्या आधीन. मराठ्यांच्या वल्ह्यांच्या हलक्या होड्या रात्रीच्या अंधारात रसद घेऊन बेटावर पोहोचत राहिल्या. तट चढत गेला, खर्चाने इंग्रज टेकीला आले आणि १६८० च्या प्रारंभी तह करून निघून गेले. 'मराठे म्हणजे डोंगरात लपणारे' असे अजूनही लिहिणाऱ्या विद्वानांनी इंग्रजांचीच त्या काळची दप्तरे एकदा उघडून पाहावीत. भारतीय नौदलाने १९६८ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये पाणबुडीला 'खांदेरी' हे नाव उगीच दिले नाही.

आणि उंदेरी? खांदेरी हातची गेलेली पाहून सिद्दी कासमने १६८० च्या जानेवारीत समोरच्या याच बेटावर तट उभारला. दोन्ही बेटे परस्परांच्या तोफांच्या टप्प्यात. खांदेरीच्या तोफा कुणावर रोखल्या होत्या, हे उंदेरी पाहिल्यावाचून कळणे शक्य नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठ्यांनी उंदेरीही जिंकून घेतली.

'तो तर सिद्दीचा किल्ला, त्याचे कौतुक आपण कशाला करायचे?' असे म्हणणारे आपल्यातही आहेत. हा युक्तिवाद वरवर स्वाभिमानी, प्रत्यक्षात अडाणी आहे. शत्रूचा मोर्चा पुसला की झुंजही पुसली जाते. मग उरतो तो केवळ एक दीपगृह, वेताळाचे मंदिर आणि छायाचित्रांपुरत्या चार तोफा असलेला सहलीचा खडक.

युनेस्कोने गौरविला तो मराठ्यांचा 'लष्करी भूप्रदेश'. भूप्रदेश म्हणजे एक बेट नव्हे. थळचा किनारा, मधली खाडी, दोन्ही बेटे आणि त्या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या होड्या हाकणारे कोळी-भंडारी हे सारे मिळून तो होतो. खांदेरी राज्य संरक्षित स्मारक आहे. तेव्हा पहिले पाऊल राज्य शासनानेच उचलावयास हवे. दोन्ही बेटांचा एकत्रित संवर्धन आराखडा करावा, थळच्या धक्क्यावर १६७९ च्या मोहिमेचा मराठी नकाशा लावावा आणि बेटावर नेणाऱ्या स्थानिक नाखव्यांनाच मार्गदर्शक म्हणून शिकवून तयार करावे.